अजिंठ्याच्या आडवाटा : खानदेशातील काही अल्पपरिचित स्थळांचा विचार

जळगाव म्हटले की बाहेरगावच्या उपासकांना अजिंठा आठवतो. दरवर्षी अनेक विहारांच्या सहली जळगाव स्थानकावर उतरतात, साठ किलोमीटरांचा प्रवास करून लेणी पाहतात आणि सायंकाळच्या गाडीने परत फिरतात. अजिंठा हे जागतिक कीर्तीचे स्थळ आहे. त्याचे दर्शन घेणाऱ्यांचे आम्ही अभिनंदनच करू. परंतु पालीच्या एका अभ्यासवर्गात एका वयोवृद्ध उपासकांनी आम्हांस विचारले, "सर, अजिंठा पाच वेळा पाहून झाला. आमच्या खानदेशात दुसरे काही आहे की नाही?" या साध्या प्रश्नाने आम्ही काहीसे ओशाळलो. ज्या प्रदेशातून आपण लेण्यांपर्यंत जातो, तो प्रदेश आपल्या दृष्टीने केवळ रस्ता होऊन राहिला आहे. प्रस्तुत लेखात त्या रस्त्याचाच विचार करावयाचा आहे.

विचाराचा आरंभ पाली वाङ्मयापासून करणे आम्हांस उचित वाटते. महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी श्रद्धावान माणसाने पाहण्यासारखी चार स्थाने सांगितली आहेत व त्यांना 'संवेजनीय' हे विशेषण लावले आहे. जे पाहिले असता मन हलते, जागे होते, ते संवेजनीय. स्थळाचे महत्त्व तेथील शिल्पाच्या सौंदर्यावर किंवा गर्दीवर अवलंबून नाही, ते पाहणाऱ्याच्या चित्तात काय जागे होते त्यावर अवलंबून आहे, असा या शब्दाचा आशय आम्ही घेतो. या कसोटीने पाहिल्यास खानदेशात मन हलविणारी स्थळे पुष्कळ आहेत. त्यांपैकी काही बावीसशे वर्षांपूर्वीची आहेत, तर काही शंभर वर्षांच्या आतली आहेत.

दोन नावांमधील मोकळी जागा

सुत्तनिपातातील पारायनवग्गाच्या आरंभी जी वत्थुगाथा आहे, तिच्यात गोदावरीच्या तीरावर राहणाऱ्या बावरी नामक ब्राह्मण आचार्याची कथा येते. त्याचे सोळा शिष्य तथागतांच्या भेटीसाठी उत्तरेकडे निघतात. त्यांच्या मार्गावरील नगरांची यादी तेथे दिलेली आहे : प्रथम पतिट्ठान, नंतर माहिस्सती, त्यानंतर उज्जेनी, गोनद्ध, वेदिस, असे करीत ते कोसंबी, साकेत व सावत्थी या नगरांवरून पुढे मगधापर्यंत जातात. वत्थुगाथा हा भाग मूळ प्रश्नोत्तरांच्या मानाने उत्तरकालीन आहे, असे विद्वान मानतात. तरीही दक्षिणापथाच्या भूगोलासंबंधीचा तो फार मोलाचा पुरावा आहे.

पतिट्ठान म्हणजे आजचे पैठण. माहिस्सती म्हणजे नर्मदातीरावरील माहिष्मती. आज मध्य प्रदेशातील महेश्वर ते हेच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आता सुज्ञ वाचकांनी नकाशा समोर ठेवावा. पैठणहून महेश्वरला जाणाऱ्या पांथस्थाला प्रथम अजिंठ्याची डोंगररांग उतरावी लागते, मग गिरणा व तापी या नद्या ओलांडाव्या लागतात, आणि त्यानंतर सातपुडा चढावा लागतो. म्हणजे गाथेत ज्या दोन नावांच्या मध्ये एकही नाव नाही, ती मोकळी जागा म्हणजेच आपला खानदेश होय.

ही जागा खरोखर मोकळी नव्हती, हे उत्खननांनी सिद्ध केले आहे. चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठी बहाळ नावाचे गाव आहे. तेथे १९५२ साली व पुन्हा १९५६-५७ मध्ये मधुसूदन नरहर देशपांडे यांनी उत्खनन केले. ते पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले. समोरच्या तीरावरील टेकवडे येथे ताम्रपाषाणकालीन दफने मिळाली. तापी व गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे येथे १९५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन केले. हे गाव आता नंदुरबार जिल्ह्यात आहे, १९९८ पूर्वी ते धुळे जिल्ह्यात होते. या दोन्ही ठिकाणी ताम्रपाषाण युगातील वस्तीच्या वरच्या थरांत ऐतिहासिक काळातील वस्ती आढळली आणि गंगेच्या खोऱ्यात प्रसिद्ध असलेल्या काळ्या चकचकीत भांड्यांचे तुकडेही मिळाले. ज्या भूमीत तथागत चारिका करीत होते, त्या भूमीतील ही भांडी तापी-गिरणेच्या काठी सापडतात. मार्ग होता, त्यावरून माणसे व माल यांची ये-जा होती, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

बहाळला जाणाऱ्या आमच्या वाचकांनी मात्र तेथे काही भव्य अवशेष दिसतील अशी अपेक्षा ठेवू नये. नदीकाठची पांढरी, मातीत मिसळलेली खापरे आणि शेते एवढेच तेथे आहे. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात, म्हणजे तेथील अतिप्राचीन चैत्यगृहात, भिंतीच्या दानाचा एक लेख आहे. त्यात कण्हक या दात्याच्या नावासोबत 'बाहड' असा शब्द येतो. बाहड आणि बहाळ या दोन नावांतील साम्य कोणाच्याही ध्यानात येईल. केवळ नामसादृश्यावरून स्थाननिश्चिती करणे इतिहासशास्त्राला मान्य नाही, हे खरे. परंतु गिरणाकाठच्या त्या पांढरीवर उभे असताना हा शब्द आठवला, तर लेणे आणि गाव यांमधील अंतर एकाएकी कमी झाल्यासारखे वाटते.

पितळखोरे : दात्यांची नावे

चाळीसगावच्या दक्षिणेस सह्याद्रीच्या सातमाळा-अजिंठा रांगेत गौताळा-औट्रम घाट अभयारण्य आहे. त्याच्या परिसरात, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यात, एका खोल घळीत पितळखोऱ्याची लेणी आहेत. जिल्ह्याची सीमा प्रशासनाने आखली आहे. लेणी खोदणाऱ्यांच्या दृष्टीने ती खानदेशात उतरणाऱ्या घाटाच्या तोंडाशी होती, आणि हेच त्यांचे खरे स्थान. कन्नडच्या बाजूने गेल्यास पठारावरून पायऱ्या उतराव्या लागतात. पाटणादेवीच्या बाजूने जंगलातून पायवाटही आहे, परंतु वन खात्याला विचारल्याशिवाय व वाटाड्याशिवाय त्या वाटेने जाऊ नये.

येथे एकूण चौदा लेणी असून त्यांचा आरंभ इ.स.पू. दुसऱ्या शतकातील आहे. म्हणजे अजिंठ्याच्या प्राचीनतम लेण्यांची ती समकालीन होत. येथील खडक ठिसूळ असल्याने दर्शनी भाग मोठ्या प्रमाणावर कोसळला आहे. प्रथम पाहताना मन खिन्न होते. परंतु थोडे थांबून पाहिले की स्थळ बोलू लागते. चौथ्या विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे, जणू सारा विहार त्यांनी पाठीवर तोलला आहे. दाराशी द्वारपाल उभे आहेत. जवळच पाच फण्यांचा नाग कोरलेला असून वरून येणारे पाणी त्याच्या फण्यांतून बाहेर पडावे अशी योजना केलेली आहे. पावसाळ्यात डोंगरावरून येणाऱ्या पाण्याचा भिक्खूंना त्रास होऊ नये, म्हणून केलेली ही व्यवस्था सौंदर्य व उपयोग यांचा सुंदर मेळ होय. तिसरे लेणे चैत्यगृह आहे. तेथील स्तूपाचा खालचा भाग खडकात कोरलेला व वरचा बांधीव होता. त्यातील खोबणींत स्फटिकाचे धातुकरंडक मिळाले. खांबांवर पाचव्या शतकाच्या सुमारास रंगविलेल्या बुद्धप्रतिमा आहेत. म्हणजे ज्या स्तूपापुढे प्रथम प्रतिमेविना वंदना होत असे, त्याच स्तूपाभोवती सहाशे वर्षांनी प्रतिमा आल्या. बौद्ध धम्माच्या इतिहासातील एक मोठे स्थित्यंतर एकाच दालनात डोळ्यांनी पाहता येते.

तथापि आमच्या दृष्टीने पितळखोऱ्याचे खरे धन तेथील ब्राह्मी लेखांत आहे. चैत्यगृहाचा एक खांब पतिठान येथील गंधिक कुळातील मितदेवाने दिला आहे. दुसरा खांब पतिठान येथीलच संघक याच्या पुत्रांनी दिला आहे. विहारातील लेखांत मगिल नावाच्या राजवैद्याचे नाव येते. तो स्वतःस 'वछीपुत' म्हणवितो, म्हणजे आईच्या गोत्रावरून आपली ओळख देतो. त्याचा मुलगा दतक व मुलगी दता यांचीही दाने आहेत. लेखातील शब्द 'राजवेज' असा आहे. पालीत वैद्याला 'वेज्ज' म्हणतात. त्या काळच्या लेखांत जोडाक्षरांतील द्वित्त लिहीत नसत, म्हणून 'वेज्ज'चे 'वेज' व 'पतिट्ठान'चे 'पतिठान' झाले. ज्यांनी पालीचे प्राथमिक व्याकरण केले आहे, त्यांना थोड्या सरावाने हे लेख वाचता येतील. आपल्या तरुण विद्यार्थ्यांनी ब्राह्मी लिपी शिकावी असा आग्रह आम्ही धरतो, तो याच कारणासाठी.

या दात्यांकडे पुन्हा एकदा पाहावे. सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, संघकाचे पुत्र, वैद्य, वैद्याचा मुलगा, वैद्याची मुलगी. लेखांत कोणी आपल्या वर्णाची प्रौढी सांगत नाही. प्रत्येक जण आपले नाव, गाव, काम आणि दान एवढेच सांगतो. १९५० नंतरच्या दशकात देशपांडे यांनी येथील राडारोडा दूर केला, तेव्हा एका यक्षाची मूर्ती मिळाली. ती आता नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बुटका, पोटाळू, डोक्यावर पसरट पात्र तोलणारा आणि मनमोकळे हसणारा असा हा यक्ष आहे. त्याच्या हातावर लेख कोरला आहे, त्याचा अर्थ : ही मूर्ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडविली. प्राचीन भारतीय शिल्पांत घडविणाऱ्याचे नाव क्वचितच मिळते. येथे सोन्याचे काम करणारा माणूस दगडात काम करतो आणि आपले नाव निःसंकोच लिहितो. ज्या समाजव्यवस्थेत हाताने काम करणाऱ्याला खालचे मानले, त्या व्यवस्थेच्या बाहेर संघाने उभ्या केलेल्या अवकाशातच हे शक्य झाले, असे आम्हांस वाटते.

हे लेणे आणि बावरीच्या शिष्यांचा मार्ग यांचा संबंध आता स्पष्ट व्हावा. पितळखोऱ्याचे दाते पैठणचे आहेत. गाथेतील पहिले नगर पैठण आहे. पैठणहून उत्तरेकडे जाणारा व्यापारी घाट उतरण्यापूर्वी येथे थांबत असेल, भिक्खूंना भोजनदान देत असेल, धम्म ऐकत असेल, आणि मग खाली गिरणेच्या खोऱ्यात उतरत असेल. लेणी एकांतात असली तरी ती मार्गापासून तुटलेली नव्हती. संघ व समाज यांना जोडणारा जो धागा विनयपिटकात दिसतो, तोच येथे दगडात दिसतो.

पाटणे आणि सत्याची कसोटी

पितळखोऱ्याच्या उत्तरेस डोंगराच्या पायथ्याशी पाटणे आहे. या गावाचे महत्त्व तिहेरी आहे. येथे १९७० नंतरच्या वर्षांत एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे नक्षी कोरलेले तुकडे मिळाले. ते सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे आहेत. आज जेथे शहामृग नाही, तेथे एके काळी तो वावरत होता आणि माणूस त्याच्या कवचावर रेघा कोरून आनंद घेत होता. अनिच्चतेचा एवढा प्रत्यक्ष धडा दुसरा कोणता असेल?

दुसरे, येथील शके ११२८ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाची नोंद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. हे बौद्ध स्थळ नव्हे, परंतु आपल्या भाषेचा इतिहास जाणू इच्छिणाऱ्याने ते अवश्य जाणून घ्यावे.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. पाटण्याच्या डोंगरात एक लेणे 'नागार्जुन कोठडी' या नावाने ओळखले जाते. नागार्जुन हे नाव ऐकताच आपल्या मनात मूलमध्यमककारिकेचे कर्ते आचार्य उभे राहतात, आणि हे लेणे आपलेच आहे असे म्हणण्याचा मोह होतो. सहलीत असे सांगणारे मार्गदर्शक आम्हांस भेटले आहेत. परंतु आतील मूर्ती जैन तीर्थंकरांच्या आहेत. लेणे जैन आहे, हेच सत्य होय. कालाम सुत्तात तथागतांनी केवळ ऐकीव परंपरेवरून काही स्वीकारू नका असे सांगितले. हा उपदेश आपल्याला प्रिय असलेल्या ऐकीव गोष्टींनाही लागू आहे. इतरांनी आपली लेणी पांडवांच्या नावे केली, स्तूपांना शिवलिंग ठरविले, म्हणून आपण तक्रार करतो. ती तक्रार योग्यच आहे. परंतु तीच चूक आपण जैनांच्या बाबतीत केली, तर आपल्या तक्रारीचे बळ नाहीसे होईल. बौद्ध अभ्यासकाने आपला दावा पुराव्याइतकाच ठेवावा, पुराव्याहून एक बोटही पुढे नेऊ नये.

ऋषिक देश आणि भुसावळची कबर

अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी पाचव्या शतकात वाकाटक सम्राट हरिषेण याच्या काळात खोदली गेली. सोळावे लेणे त्याचा सचिव वराहदेव याने दिले. सतराव्या लेण्याच्या लेखात एका स्थानिक मांडलिक राजवंशाची माहिती आहे. हा वंश ऋषिक देशात राज्य करीत होता व ऋषिक म्हणजे खानदेश, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. धुळे जिल्ह्यात तापीकाठच्या थाळनेर येथे हरिषेणाचा ताम्रपट मिळाल्याने या भागावरील वाकाटक सत्तेला दुजोरा मिळाला. थाळनेर आज तेथील फारुकी सुलतानांच्या कबरींसाठी ओळखले जाते. परंतु अजिंठ्याच्या चित्रांसाठी ज्या मुलुखाने धान्य, रंग आणि माणसे पुरविली, त्या मुलुखाचा हा भाग होता, ही जाणीव ठेवून थाळनेर पाहावे.

जळगावजवळच्या भुसावळ येथे एक कबर आहे, तिची आठवण येथेच करणे योग्य. मद्रास सैन्यातील मेजर रॉबर्ट गिल याची १८४४ साली अजिंठ्याची चित्रे नकलून काढण्यासाठी नेमणूक झाली. त्याने आयुष्यातील अनेक वर्षे या कामात घालविली. त्याच्या बहुतेक नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली लागलेल्या आगीत जळाल्या. त्यानंतर १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयातील विद्यार्थ्यांसह पुन्हा नकला केल्या, त्यांतीलही पुष्कळ १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. गिल १८७९ साली वारला आणि भुसावळ येथे त्याचे दफन झाले. तो बौद्ध नव्हता आणि कंपनी सरकारचा नोकर होता, हे आम्ही विसरत नाही. परंतु लोक ज्या भिंतींना विसरले होते, त्यांच्यापुढे तो वर्षानुवर्षे उभा राहिला. कृतज्ञतेला पालीत 'कतञ्ञुता' म्हणतात, आणि मंगल सुत्तात तिची गणना मंगलांत केली आहे.

चाळीसगावचा पूल

आता आम्ही या लेखाच्या मर्माशी येतो. पितळखोरे पाहून परत येणारा वाटसरू चाळीसगाव स्थानकावर येतो. याच स्थानकावर ऑक्टोबर १९२९ मध्ये परमपूज्य बाबासाहेब उतरले होते.

मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सदस्य होते. खानदेशातील काम आटोपल्यावर ते धुळे मार्गावरील एका खेड्यात गेले. तेथील सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार घातला होता, त्याची माहिती त्यांना घ्यावयाची होती. पुढच्याच गाडीने ते चाळीसगावला परतले. स्थानकावर आपली माणसे हार घेऊन उभी होती. वस्ती सुमारे दोन मैलांवर, नदीपलीकडे. स्थानकाबाहेर भाड्याचे टांगे पुष्कळ होते. तरीही बाबासाहेबांना तासभर ताटकळत ठेवण्यात आले. मग एक टांगा आला, ते बसले, आणि टांगा निघाला. थोड्याच अंतरावर एका मोटारीशी टक्कर होता होता राहिली. पुढे नदीवरच्या फरशीच्या पुलावर, जेथे कठडा नसून ठरावीक अंतरावर नुसते दगड बसविलेले होते, घोडा उधळला. चाक दगडावर आदळले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा व टांगा नदीत कोसळला. त्यांचा पाय मोडला, शुद्ध हरपली, आणि पुढे बरेच दिवस त्यांना अंथरुणाला खिळून राहावे लागले.

नंतर चौकशी केल्यावर खरा प्रकार कळला. अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकणे हे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. एकही तयार होईना. आपला नेता पायी चालत वस्तीत यावा, हे आपल्या माणसांना सहन होईना. शेवटी तडजोड निघाली : टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मिळणार नाही. आपल्यापैकी एकाने धीर करून लगाम हाती धरला. त्याने त्यापूर्वी टांगा कधी हाकला नव्हता. बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात स्वतः लिहून ठेवला आहे. ते पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केले.

हा प्रसंग आपण सभांतून अनेकदा सांगतो. परंतु बहुधा त्याचा अर्धाच भाग सांगतो. टांगेवाल्यांचा अहंकार सांगतो, आणि तो सांगितलाच पाहिजे. बॅरिस्टर झालेला, कायदेमंडळाचा सदस्य असलेला मनुष्यही टांगेवाल्याच्या लेखी खालचाच ठरतो, हे जातीचे गणित त्या पुलावर उघडे पडले. परंतु बाबासाहेबांनी दुसराही भाग प्रामाणिकपणे लिहिला आहे. आपल्या माणसांनी पाहुण्याच्या जिवापेक्षा त्याच्या मानाची अधिक काळजी केली, हे त्यांनी स्पष्टपणे नोंदविले. त्यात राग नाही, माया आहे, आणि बोधही आहे. मिरवणुका, कमानी, हार यांत आपण आजही रमतो. ज्याच्यासाठी ते सारे करावयाचे, त्याच्या सुरक्षिततेचा, त्याच्या विचाराचा विसर पडतो. चाळीसगावचा प्रसंग म्हणजे आपल्याला दिलेला एक वडीलधारा इशारा आहे.

आणि हे सारे कोठे घडले? ज्या घाटाच्या माथ्यावर पैठणच्या व्यापाऱ्याने, राजवैद्याने व त्याच्या मुलीने खांब आणि भिंती दिल्या, सोनाराने हसरा यक्ष घडविला, त्याच घाटाच्या पायथ्याशी. दोन हजार वर्षांच्या अवधीत या मार्गावरून काय नाहीसे झाले, हे समजण्यासाठी मोठमोठे ग्रंथ वाचावे लागत नाहीत. सकाळी पितळखोरे आणि सायंकाळी चाळीसगाव, अशी दोन ठिकाणे एकाच दिवशी पाहावीत. संवेजनीय या शब्दाचा अर्थ त्या दिवशी कळतो.

लळिंगचा लांडोर बंगला

धुळ्याच्या दक्षिणेस, मुंबई-आग्रा मार्गालगत लळिंगचा किल्ला आहे. किल्ल्याच्या परिसरात वनराईमध्ये लांडोर बंगला आहे. एका खटल्याच्या कामासाठी बाबासाहेब ३१ जुलै १९३७ रोजी धुळ्यास आले, तेव्हा त्यांचा मुक्काम या बंगल्यात झाला. चाळीसगावच्या घटनेला तेव्हा आठ वर्षे झाली होती.

दरवर्षी ३१ जुलैला येथे भीमस्मृती यात्रा भरते. भर पावसाळ्यात खेड्यापाड्यांतून लोक येतात, अभिवादन करतात, गाणी म्हणतात, आणि भाकरी सोडून सोबत जेवतात. या यात्रेचे आम्हांस विशेष वाटते ते असे की, ही स्मृती कोणत्याही ताम्रपटाने किंवा शासकीय आदेशाने टिकलेली नाही. सामान्य माणसांच्या पायांनी ती टिकविली आहे. पितळखोऱ्याच्या दात्यांना आपले नाव दगडात कोरता आले. आपल्या आजोबांजवळ दगड नव्हता, त्यांनी चालून ते कोरले. खानदेशाबाहेरील उपासकांपैकी फार थोड्यांना ही यात्रा ठाऊक आहे. त्यांनी एकदा तरी यावे.

प्रवासासंबंधी दोन शब्द

ज्यांना ही स्थळे पाहावयाची आहेत, त्यांनी चाळीसगाव येथे मुक्काम करावा. पहिला दिवस पितळखोरे व चाळीसगाव यांना द्यावा, दुसरा पाटणे व बहाळ यांना, तिसरा धुळे व लळिंगला. अजिंठा व भुसावळ यांसाठी जळगावचा मुक्काम सोयीचा. पावसाळ्यात पितळखोऱ्याचा धबधबा मनोहर असतो, परंतु पायऱ्या निसरड्या होतात. वृद्धांनी हिवाळ्यात जावे हे बरे. लेण्यांत मेणबत्त्या लावू नयेत, भिंतींना हात लावू नये, नावे तर मुळीच लिहू नयेत. वंदना करावी, ती शांतपणे करावी. निघण्यापूर्वी विहारात एक बैठक घेऊन वत्थुगाथेतील मार्ग आणि चाळीसगावचा प्रसंग वाचावा. न वाचता केलेली सहल ही केवळ सहलच राहते.

एक विनंती करून लेख संपवितो. १९२९ साली चाळीसगाव स्थानकावर हार घेऊन उभे असलेले लोक आज हयात नाहीत. १९३७ साली लळिंगला ज्यांनी बाबासाहेबांना पाहिले, तेही गेले. परंतु त्यांची मुले व नातवंडे खानदेशातील वस्त्यांतून आहेत आणि तीही आता वृद्ध झाली आहेत. आपल्या वडिलांनी काय सांगितले, कोण कोण गेले होते, बाबासाहेब काय बोलले, जेवणात काय होते, हे त्यांना आठवत असेल. प्रत्येक विहाराने एक वही करावी, वृद्धांकडे जावे, आणि ते सांगतील ते त्यांच्याच अहिराणी बोलीत, तारीख घालून, सांगणाऱ्याचे नाव व गाव नोंदवून लिहून घ्यावे. खरे-खोटे पुढे अभ्यासक पारखतील, ते त्यांचे काम आहे. परंतु जे लिहिलेच गेले नाही, ते कोणालाही पारखता येत नाही. मितदेव, मगिल, दता व कण्हदास ही नावे आज आपण उच्चारू शकतो, याचे कारण एवढेच की कोणीतरी ती वेळेवर कोरली. आपल्या वस्तीतील नावे वेळेवर लिहिणे हे आता आपल्या हाती आहे.

भवतु सब्ब मंगलं.